तिफ्लिस: रशियन नसलेलं रशियन नाव

१९३५ साली छापलेला कॉकेशसचा रशियन नकाशा पाहिला तर त्यावर तिफ्लिस, एरिवान, बातूम, सुखूम अशी नावं सापडतात. दोनच वर्षांनंतरच्या नकाशावर ही चारही नावं नाहीत. त्यांच्या जागी तिबिलिसी, येरेवान, बातुमी आणि सुखुमी आलेली आहेत. गावं तीच, रस्ते तेच, सत्ताही तीच. बदलली ती फक्त पाटी. १९३६ साली सोव्हिएत सरकारनं हुकूम काढला की स्थानिक लोक ज्याला जे म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं नाव रशियनमध्येही वापरायचं. जॉर्जियाची राजधानी तिफ्लिस त्या ऑगस्ट महिन्यात कागदोपत्री तिबिलिसी झाली.

हे वाचल्यावर पटकन डोळ्यांसमोर येतं ते ठरावीक चित्र: परके राज्यकर्ते आले, त्यांनी गावाचं नाव बिघडवलं, पुढे कधीतरी ते सुधारलं गेलं. तिफ्लिसच्या बाबतीत हे चित्र जुळत नाही. रशियनांनी कॉकेशसमध्ये नावं ठेवली नाहीत असं नव्हे, भरपूर ठेवली. गांजा या जुन्या शहराचं त्यांनी झारच्या राणीच्या नावावरून येलिसावेतपोल केलं, ग्युम्रीचं अलेक्सांद्रोपोल केलं, आणि पहाडाच्या उत्तरेला किल्ला बांधून त्याला व्लादिकावकाज, म्हणजे ‘कॉकेशसवर राज्य कर’, असं नाव दिलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. पण १८०१ मध्ये जॉर्जिया खालसा करून रशियन अधिकारी या शहरात आले, तेव्हा तिफ्लिस हे नाव तिथं त्यांच्या हजार वर्षं आधीपासून नांदत होतं. त्यांनी ते फक्त उचललं.

नावाचं मूळ जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यात आहे. कुरा नदीच्या (जॉर्जियन लोक तिला म्त्कवारी म्हणतात) काठी, नारिकला किल्ल्याच्या पायथ्याशी गंधकाचे उष्ण झरे आहेत. दंतकथा सांगते की पाचव्या शतकातला राजा वाख्तांग गोर्गासाली शिकारीला आला असताना त्याचा ससाणा आणि त्यानं धरलेला पक्षी, दोघंही या पाण्यात पडले; पाणी गरम आहे हे पाहून राजानं इथं शहर वसवायचं ठरवलं. वाख्तांगच्या मुलाच्या, दाचीच्या काळात राजधानी जवळच्या म्त्सखेताहून इथं हलली. जॉर्जियन भाषेत ‘त्फिली’ म्हणजे ऊन, गरम, त्यावरून त्फिलिसी. आपल्याकडे रायगडातलं उन्हेरे किंवा राजापूरजवळचं उन्हाळे ज्या न्यायानं नाव पावलं, तोच न्याय. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं नातं संस्कृत ‘तप्’ आणि लॅटिनमधल्या ‘कोमट’ अर्थाच्या शब्दाशी जोडतात. जॉर्जियन ही इंडो-युरोपीय कुळातली भाषा नव्हे, त्यामुळे हे नातं खरं असलंच तर फार प्राचीन उसनवारीचं.

आता हे त्फिलिसी उच्चारून पाहा. जॉर्जियन माणसाला शब्दाच्या सुरुवातीला दोन-तीन व्यंजनं एकावर एक रचायला काहीच वाटत नाही. अरबांना मात्र ते जमत नाही. त्यांच्या भाषेत शब्द जोडाक्षरानं सुरूच होत नाही, आणि जॉर्जियन ‘फ’ हा आपल्या ‘फळ’मधला दोन्ही ओठांचा फ, तोही अरबीत नाही, तिथं ओठ आणि दात लावून म्हणायचा फ आहे. तेव्हा सातव्या शतकात अरब फौजा इथं पोहोचल्या आणि पुढे अमिराची गादी बसली, तशी त्यांनी मध्ये एक स्वर घातला, शेवटचा ई टाकून दिला आणि तफ्लिस तयार केलं. इथल्या टांकसाळीत पडलेल्या दिर्हमांवर टांकसाळीचं गाव म्हणून हेच नाव कोरलेलं असे. ११२२ मध्ये राजा दाविद आग्माशेनेबेली, म्हणजे ‘बांधणारा’ दाविद, यानं शहर परत जिंकून जॉर्जियाची राजधानी केलं. पण तोवर बाहेरच्या जगात नाव रुळून गेलं होतं. फारसी, तुर्की, आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या तोंडून ते पुढे सरकत राहिलं. मार्को पोलोच्या वृत्तांतात ते आहे, १६७३ मध्ये इथं आलेल्या शार्दां या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनातही आहे. रशियनांच्या कानावर जे नाव पडलं, ते हे पूर्वेच्या बाजारपेठेतलं.

(मराठी वर्तमानपत्रं ‘त्बिलिसी’ऐवजी ‘तिबिलिसी’ लिहितात, म्हणजे तोच स्वर आपणही मध्ये घुसवतो. अरबांना हसायला आपल्याला जागा नाही.)

त्या झऱ्यांवरची न्हाणीघरं अजून चालू आहेत. आबानोतुबानी या भागात गेलं की जमिनीतून वर आलेले विटांचे बुटके घुमट दिसतात. माणसं त्यांच्या खाली, तळघरात अंघोळ करत असतात. हवेत सडक्या अंड्याचा वास, गंधकाचा. आत अंग रगडून देणारा माणूस असतो, त्याला ‘मेकिसे’ म्हणतात, कारण त्याच्या हातात ‘किसा’ असतो: खरखरीत कापडाची पिशवी, ती हातमोज्यासारखी चढवून तो अंगावरचा मळ काढतो. हा किसा म्हणजे फारसीतला कीसा, पिशवी; आपल्या सदऱ्याचा खिसाही तिथूनच आलेला. पुश्किन १८२९ मध्ये एर्झुरूमच्या लढाईकडे जाताना इथं थांबला होता. नाक कापलेल्या हसन नावाच्या तातार मेकिसेनं त्याला जे तिंबलं, सांधे मोडले, साबणाच्या फेसात बुडवलं, त्याचं वर्णन त्यानं मोठ्या चवीनं केलं आहे. असं ऐषारामी न्हाणीघर रशियात किंवा तुर्कस्तानात आपण पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच प्रवासवर्णनात तो जाता जाता शहराच्या नावाचा अर्थही सांगतो: उष्ण शहर. आणि तो जे जॉर्जियन रूप देतो त्यात ‘त्बिलिस’ आहे, ब सकट. ‘शहर’ या अर्थाचा जॉर्जियन शब्द त्यानं चुकवला, ते सोडा. हे प्रवासवर्णन १८३६ मध्ये प्रसिद्ध झालं, सरकारी नामांतराच्या बरोबर शंभर वर्षं आधी.

पुश्किनच्या कानानं पकडलेला हा ‘ब’ महत्त्वाचा आहे, कारण १९३६ मध्ये फक्त रशियन नाव बदललं नाही, जॉर्जियन नावही बदललं. तोपर्यंत जॉर्जियन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर जुनं त्फिलिसीच छापलं जाई. बोलण्यात मात्र ‘ऊन’ या अर्थाचा शब्द केव्हाच ‘त्फिली’चा ‘त्बिली’ झाला होता. जॉर्जियन भाषातज्ज्ञांनी सुचवलं की शहराचं नावही चालू भाषेप्रमाणे लिहावं, आणि त्यावरून त्बिलिसी हे नवं प्रमाण रूप ठरलं; तेच रशियननं घेतलं, रशियनमधून जगानं. म्हणजे ‘मूळ’ नाव परत आणलं असं जे म्हटलं जातं ते अर्धच खरं. मूळ नाव त्फिलिसी, आणि गंमत अशी की तिफ्लिसमधला फ त्या मुळाशी तिबिलिसीतल्या ब पेक्षा जास्त इमान राखून आहे. अरबांनी सातव्या-आठव्या शतकातला उच्चार जणू लोणच्यात घालून ठेवला आणि जॉर्जियन भाषा पुढे निघून गेली.

पण नावाबरोबर खरोखर काय गेलं, ते समजायला एकोणिसाव्या शतकातलं शहर पाहावं लागतं.

१७९५ च्या सप्टेंबरात इराणच्या आगा मोहम्मद खान काजारनं हे शहर लुटून जाळलं होतं. हजारो माणसं गुलाम म्हणून नेली गेली. आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझेरी अशा तीन भाषांत गाणी रचणारा सायात-नोवा हा शाहीर त्याच कत्तलीत मारला गेला. सहाच वर्षांत रशियन आले आणि त्यांनी जळालेल्या शहराला आपल्या कॉकेशस कारभाराचं मुख्य ठाणं केलं. झारचा व्हाइसरॉय इथं बसू लागला. ऑपेरा आला, सरळ रुंद हमरस्ता आला, १८७२ मध्ये काळ्या समुद्रावरच्या पोतीहून आणि १८८३ मध्ये बाकूहून रेल्वे आली. टॉल्स्टॉय फौजेत भरती होण्याआधी इथं राहून ‘बालपण’ लिहीत होता. गॉर्की रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करत होता आणि त्याची पहिली कथा १८९२ मध्ये इथल्याच ‘कावकाज’ या वर्तमानपत्रात छापून आली.

आणि राहत कोण होतं? १८९७ च्या जनगणनेत तिफ्लिसची वस्ती सुमारे १,६०,००० भरली. त्यात सर्वात मोठा गट आर्मेनियनांचा होता, एक-तृतीयांशाहून अधिक. जॉर्जियन साधारण चौथाई, रशियन जवळपास तितकेच. उरलेले तातार (पुढे ज्यांना अझरबैजानी म्हणू लागले), इराणी, जर्मन, ज्यू, पोल, कुर्द. सावकारी, व्यापार आणि नगरपालिका बहुतांशी आर्मेनियनांच्या हातात. १९१० पासून १९१७ पर्यंत तिफ्लिसचा महापौर असलेला अलेक्सांद्र खातिस्यान पुढे आर्मेनियाचा पंतप्रधान झाला, त्यातच सगळं आलं. आर्मेनियन साहित्याचा मानदंड मानला जाणारा होव्हान्नेस तुमान्यान आयुष्याचा बराच काळ इथंच राहिला. येरेवान तेव्हा लहानसं, धुळीचं गाव होतं. आर्मेनियनांचं खरं महानगर तिफ्लिस होतं.

या सरमिसळीचा उत्तम नमुना म्हणजे ‘मुल्ला नसरुद्दीन’ हे साप्ताहिक. आपल्याला मुल्ला ठाऊक आहे तो चातुर्यकथांतला. १९०६ मध्ये जलील मम्मदगुलुजादे यानं त्याच्या नावानं तिफ्लिसमधून अझेरी भाषेत व्यंगचित्रांचं पत्र काढलं. मौलवी, जमीनदार, बायकांना कोंडणारे नवरे, झारचे अधिकारी, इराणचा शहा, कुणालाच त्यानं सोडलं नाही. पत्र इराणपासून मध्य आशियापर्यंत वाचलं जाई. यातली पुष्कळशी व्यंगचित्रं ज्यानं काढली तो ऑस्कर श्मेर्लिंग जन्मानं तिफ्लिसचा जर्मन. मुसलमान समाजाच्या सुधारणेसाठी अझेरी संपादक, चित्रकार जर्मन, शहर जॉर्जियन, पोलीस रशियन: त्या काळात बाकूतही हे इतकं सहज जमलं नसतं.

शहराच्या मधोमध एरिवान चौक होता. जनरल पास्केविचनं १८२७ मध्ये इराण्यांकडून एरिवान जिंकलं, त्याला ‘एरिवान्स्की’ असा किताब मिळाला, त्यावरून हे नाव; म्हणजे कॉकेशसच्या एका राजधानीच्या चौकाला दुसरीचं रशियन नाव. १९०७ च्या जूनमध्ये याच चौकात बोल्शेविकांनी बॉम्ब टाकून सरकारी बँकेची रोकड पळवली; बेतामागे होता गोरीच्या चांभाराचा मुलगा, स्तालिन. चौकाच्या अगदी लगतच्या धर्मपाठशाळेत त्यानं पाच वर्षं काढली होती, जिथं विद्यार्थ्यांना आपसात जॉर्जियन बोलायलाही बंदी होती. नंतर हा चौक स्वातंत्र्याचा झाला, संघराज्याचा झाला, स्तालिनचा साथीदार बेरिया याचा झाला, लेनिनचा झाला आणि शेवटी पुन्हा स्वातंत्र्याचा. लेनिनचा पुतळा १९९१ मध्ये काढला. आता तिथं खांबावर सोनेरी सेंट जॉर्ज भाला घेऊन उभा आहे.

१९१८ च्या मे महिन्यात तर या शहरानं विक्रमच केला. झारशाही कोसळल्यावर कॉकेशसच्या दक्षिणेला जे संयुक्त प्रजासत्ताक जेमतेम महिनाभर टिकलं, त्याची राजधानी तिफ्लिस. ते मोडलं तेव्हा २६ मे रोजी जॉर्जियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि २८ मे ही तारीख आर्मेनिया आणि अझरबैजान दोघांच्याही स्वातंत्र्याची. या दोन्ही देशांच्या राष्ट्रीय परिषदा तेव्हा तिफ्लिसमध्येच बसत होत्या. तीन देश एका शहरात जन्मले आणि त्यांतल्या दोघांना जन्मल्याबरोबर बिऱ्हाड हलवावं लागलं.

१९२१ मध्ये लाल सेना आली. सोव्हिएत संघातही तिन्ही देश आधी एकाच मोटेत बांधलेले होते आणि तिफ्लिस त्यांची सामाईक राजधानी होती. १९३६ च्या डिसेंबरात नवी राज्यघटना आली, मोट सुटली, तिघं वेगळी प्रजासत्ताकं झाली. शहराचं नामांतर त्याच वर्षीचं आहे हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सामाईक राजधानीला सामाईक नाव शोभत होतं. आता ती फक्त जॉर्जियाची राजधानी होणार होती. तिथल्या खोजिवांक या भल्यामोठ्या आर्मेनियन दफनभूमीचा बहुतेक भाग आणि तिथलं चर्च याच दशकात पाडलं गेलं. तुमान्यानची कबर तेवढ्या उरलेल्या कोपऱ्यात आहे. आर्मेनियन लोकसंख्या पुढे घटत गेली, आणि २०१४ च्या जनगणनेत तिबिलिसीत सुमारे नव्वद टक्के लोक जॉर्जियन होते. जॉर्जियनांना आपल्या राजधानीत आपलं नाव असावं असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण तिफ्लिस हे झारचं लादलेलं नाव होतं, असं म्हणून विषय मिटवला की हे सगळे शेजारीही हिशोबातून गळतात.

रशियन भाषेला या बदलानं एक वेगळाच घोळ दिला. रशियन मराठीसारखीच विभक्तीवाली. तिफ्लिस तिच्यात पुरतं मुरलं होतं: तिफ्लिसमध्ये म्हणायला ‘फ तिफ्लिसे’, तिफ्लिसहून म्हणायला ‘इज तिफ्लिसा’. नवं नाव ईकारान्त, त्याला विभक्ती लागतच नाही. मध्ये असो, हून असो, तिबिलिसीचं तिबिलिसीच राहतं.

हा शेवटचा ई जॉर्जियन व्याकरणाचा. व्यंजनान्त नामाला प्रथमेत ई लागतो. रशियन तो टाकून बोलत: बातूम. १९३६ नंतर तो अधिकृतपणे आला: बातुमी. २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जिथं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली ते हेच बातुमी, आणि तिथं या ई वरून कुणी भांडत नाही. सुखुमीत मात्र भांडतात. अबखाझियाची ही राजधानी. अबखाझ लोक तिला स्वतःच्या भाषेत आक्वा म्हणतात आणि रशियनमध्ये सुखूम. १९३६ मध्ये चिकटवलेला ई त्यांना जॉर्जियन वर्चस्वाची खूण वाटतो. दक्षिण ओसेतियाच्या राजधानीचं तसंच, त्स्खिनवाल की त्स्खिनवाली. (हे गाव १९३४ पासून १९६१ पर्यंत स्तालिनिरी होतं, ते आणखी वेगळंच.) २००८ च्या युद्धानंतर रशियानं या दोन्ही प्रदेशांना देश म्हणून मान्यता दिली आणि सरकारी रशियनमधून ई गेला. तेव्हा बातमीत हा ई आहे की नाही ते पाहावं. लिहिणारा कोणत्या बाजूचा ते लगेच कळतं.

तिफ्लिसला असं राजकारण चिकटलं नाही, म्हणून ते बाहेर निवांत टिकलं. तुर्कीत आजही अधिकृत नाव तिफ्लिस आहे. इस्तंबूल विमानतळाच्या फलकावर तेच झळकतं. फारसीत तेच, जर्मन आणि स्पॅनिशमध्येही ते चालतं, ग्रीक तिफ्लिदा म्हणतात. गोव्याचाही या जुन्या जगाशी धागा आहे. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिला धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमावरून शिराजमध्ये हाल करून मारलं. पोर्तुगीज ऑगस्टीनियन साधूंनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात आणून आपल्या मठात ठेवले. तो मठ पुढे ढासळला. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए तपासून ते तिचंच असल्याचा निष्कर्ष काढला, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्या अवशेषांचा काही भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला. केतेवानचे मारेकरीही तिफ्लिसच म्हणत, आणि तिला गोव्यात आणणारेही.

जॉर्जियन सरकारला आज खुपतं ते दुसरंच नाव: देशाचं रशियन नाव, ग्रुजिया. ज्या भाषांनी ते रशियनमधून घेतलं त्यांना ते सोडायची विनंती केली जाते. जपाननं २०१५ मध्ये ‘गुरुजिया’ टाकून जॉर्जिया धरलं. लिथुआनियानं २०१८ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन जॉर्जियन लोक स्वतः म्हणतात ते साकार्त्वेलो आपल्या भाषेत बसवून घेतलं. यातली मौज अशी की ग्रुजिया हे नावही मुळात रशियन नाही, तेही फारसी ‘गुर्ज’वरूनच आलेलं. दोन्ही नावं एकाच वाटेनं आलेली. एक सरकारच्या डोळ्यांत सलतं, आणि दुसरं जुन्या तिबिलिसीतल्या हॉटेलांच्या नि खाणावळींच्या पाट्यांवर पर्यटकांसाठी मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं.